उजवीकडून डावीकडे गेलेला मध

"उजवीकडं." जगदाळे साहेबांनी पोलॅरिमीटरवरचा डोळा काढला आणि चष्मा घातला. "थोडंसंच, पण उजवीकडं. साखर आहे यात."

'मी म्हणालो नव्हतो?' अशा थाटात सुभेदाराने माझ्याकडे पाहिलं. लॅबच्या दारात किसन माळी उभा होता, दोन्ही बाजूंना एकेक वॉचमन. त्याचा चेहरा पार उतरला.

"साहेब, म्या कणभर साखर घातली न्हाई," तो म्हणाला. "माश्यांनी जे देलं तेच हाय. लेकराची आन घेतो."

"आण घेऊन काय करू? यंत्राला आण कळत नाही," जगदाळे साहेब म्हणाले आणि पॅन हाऊसकडे निघून गेले. तिकडे साखर शिजत होती. त्यांना त्या कढईपुढे जगात दुसरं काही दिसत नसे.

पाथरीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी तेव्हा शिफ्ट केमिस्ट होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक लगेच चेअरमन कोण होते ते विचारतात आणि गोष्ट बाजूला राहते. जगदाळे साहेब आमचे चीफ केमिस्ट. कोल्हापूरकडचे, कामाला वाघ, बोलायला फटकळ. सुभेदार म्हणजे आमचा सिक्युरिटी ऑफिसर. फौजेतून रिटायर झालेला. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं.

आणि किसन हा कारखान्याचा माळी. गेस्ट हाऊसची बाग त्याच्याकडे. बागेच्या मागे, साखरेच्या गोडाऊनच्या भिंतीला लागून, त्याने मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. पलीकडच्या शिवारात सूर्यफूल लय पेरायचे. माश्या दिवसभर तिकडे जायच्या, किसन दिवाळीच्या सुमाराला मध काढायचा आणि कॉलनीतल्या साहेब लोकांना विकायचा. आमच्या एमडी साहेबांच्या आईला खोकल्याचा त्रास. त्यांनी एक मोठी बरणी घेतली.

थंडी पडली आणि ती बरणी जमली. तूप जमावं तशी, पांढरट, चमचा उभा राहील अशी घट्ट. आजींनी बोटाने चाखून पाहिलं, दाताखाली कण लागले. झालं! "साखर घातलीय मेल्यानं," त्या म्हणाल्या. मध जमला म्हणजे भेसळ, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. आजही आहे. चांगला जमलेला मध लोक उकिरड्यावर टाकतात आणि न जमणारा पाक पैसे मोजून आणतात.

आजींचं वाक्य सुभेदाराच्या कानावर गेलं. त्याच्यासाठी ते नुसतं भेसळीचं प्रकरण नव्हतं. साखर आली कुठून? भिंतीपलीकडून. शिवाय पावसाळ्यात त्याने स्वतः किसनला पेट्यांजवळ पातेल्यात साखरेचा पाक करताना पाहिलं होतं.

किसनने तेव्हाच सांगितलं होतं, "सुभेदार साहेब, पावसाळ्यात फुलं नसत्यात. माश्या उपाशी मरत्यात. म्हनून रेशनची साखर घेऊन पाजायलोय." मधमाश्या पाळणारे सगळेच असं करतात. पण सुभेदाराने माश्या पाळल्या नव्हत्या. त्याने ते 'पाक' एवढं लक्षात ठेवलं आणि बाकीचं सोडून दिलं.

आणखी एक गोष्ट, ती लपवून काय उपयोग? किसन भीमनगरात राहायचा. नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत माणसं एकमेकांकडे तिरकी बघत होती. सुभेदार तोंडाने काही बोलला नाही. पण गोडाऊनचे हमाल, ट्रकवाले, कँटीनवाला, साखरेच्या जवळ वावरणारी एवढी माणसं सोडून संशय सरळ माळ्यावर कसा गेला, हे मला कळत होतं आणि किसनलाही कळत होतं.

तर, त्या दिवशी सकाळी सुभेदार ती बरणी घेऊन लॅबमध्ये आला. "तुमच्याकडं साखर ओळखायचं मशीन आहे ना? ओळखा."

हे मशीन म्हणजे पोलॅरिमीटर. सोपं करून सांगतो. एका विशिष्ट तऱ्हेचा उजेड लांब काचेच्या नळीतून सोडायचा. नळीत साखरेचं पाणी असेल तर तो उजेड थोडा फिरतो, आणि किती फिरला ते डोळा लावून स्केलवर वाचता येतं. उसाची साखर उजेड उजवीकडे फिरवते. जितकी साखर जास्त, तितका जास्त. उसाच्या रसात किती साखर आहे ते आम्ही दिवसभर असंच मोजतो.

मध मात्र डावीकडे फिरवतो. मधात ऊससाखर जवळजवळ नसते. त्यात असतात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गंमत बघा, दोन्हीत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचे अणू अगदी तेवढेच. फरक आहे तो नुसता बसण्याच्या जागांचा. त्या जागांमुळे ग्लुकोज उजेड उजवीकडे नेतो आणि फ्रुक्टोज जोरात डावीकडे ओढतो. ग्लुकोज थंडीत जमतो, फ्रुक्टोज जमता जमत नाही. फ्रुक्टोज जिभेला कितीतरी गोड, ग्लुकोज बेताचा. माल एकच, मांडणी वेगळी, गुण वेगळे. रस्सीखेच झाली की फ्रुक्टोज जिंकतो, म्हणून मधाचं रीडिंग डावीकडे यायला पाहिजे.

हे जगदाळे साहेबांना चांगलं माहीत होतं. म्हणूनच उजवीकडे दिसल्याबरोबर त्यांनी निकाल दिला.

सुभेदाराने किसनला गेटजवळच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी घातली. मला म्हणाला, "सोळंके, साहेबांकडून रिपोर्ट टाईप करून घ्या. एमडी साहेब संध्याकाळी परभणीहून येतील. त्यांची सही झाली की पाथरीला पोलीस स्टेशन. चोरीचा मामला आहे."

"अहो, पण गोडाऊनमधली साखर कमी झाली आहे का?"

"लाखो पोत्यांत चार किलो कमी झाली तर कुणाला कळतं?"

साखर कमी झालेली दिसत नाही, हेसुद्धा ह्याच्या लेखी पुरावाच होता.

मी शिफ्टचे राहिलेले सॅम्पल उरकले. रस, पाक, मळी. मधेच किसनची बायको पारूबाई लॅबच्या दाराशी आली. कुणीतरी तिला शेतात जाऊन सांगितलं होतं. पायाला चिखल तसाच.

"सोळंके साहेब, कामून धरून ठिवलंय त्यास्नी? काय केलंय माझ्या मानसानं?"

"मधात साखर निघाली म्हणतात."

"कोन म्हनतंय? म्या सोता पिळलाय तो मध. माझ्या हातानं. साखर घालायची तर आमी च्यात घालू की! आमच्या घरात गुळाचा च्या अस्तो, इचारा कुनाला बी."

मी तिला म्हणालो, बसा, बघतो. काय बघणार होतो, ते मला कुठे ठाऊक होतं! चीफ केमिस्टने डोळ्याने पाहिलेलं रीडिंग, त्यावर शिफ्ट केमिस्ट काय बोलणार? पण तिच्यासमोर हात हलवत बसायला लाज वाटत होती. म्हणून उठलो आणि निदान नळी तरी धुवावी म्हणून यंत्र ठेवलेल्या अंधाऱ्या खोलीत गेलो. गोड पाण्याची नळी तशीच राहिली तर चिकटते आणि मुंग्या लागतात.

नळी यंत्रातच होती. काढण्याआधी सवयीने डोळा लावला.

पोलॅरिमीटरमध्ये एक गोल दिसतो, दोन अर्ध्यांचा. दोन्ही अर्धे सारखे दिसेपर्यंत चाक फिरवायचं आणि आकडा वाचायचा. साहेबांनी चाक जिथे सोडलं होतं तिथे ते सारखे दिसायला हवे होते. दिसेनात. एक काळा, एक पिवळा. मी चाक फिरवलं. सारखे झाले ते शून्याच्या डाव्या बाजूला.

पहिली शंका स्वतःच्या डोळ्यांची आली. शिफ्ट संपत आली होती, डोळे चुरचुरत होते. दुसरी शंका यंत्राची. आमच्याकडे त्यासाठी क्वार्ट्झची प्लेट असते. गारगोटीच्या स्फटिकाची चकती. ती ठरलेलं रीडिंग देते, कमी नाही, जास्त नाही. प्लेट लावली. रीडिंग अचूक. म्हणजे यंत्र ठणठणीत. पुन्हा मधाची नळी लावली.

आणखी डावीकडे!

च्यायला, म्हटलं, हे चालायला लागलंय की काय! नळीत कुणी काही घातलं नाही, काढलं नाही. बंद नळीत मध आपोआप उजवीकडून डावीकडे निघालाय. आणि मग कॉलेजातल्या आमच्या ऑर्गॅनिकच्या सरांची खडूची कर्कश रेघ आठवली. फळ्यावर ग्लुकोजचा षटकोन, त्याच्या एका टोकाला ओएच, एकदा खाली, एकदा वर. "म्युटारोटेशन! परीक्षेला येणार!" आलं नव्हतं. आज आलं.

गोष्ट अशी आहे. ग्लुकोजच्या रेणूला एक असा हात असतो, जो खालीही राहू शकतो आणि वरही. बाकी सगळं जिथल्या तिथे. हात खाली असलेला ग्लुकोज उजेडाला उजवीकडे खूप फिरवतो. हात वर असलेला अगदी थोडा. आता मध जमतो म्हणजे त्यातल्या ग्लुकोजचे खडे होतात. पाथरीच्या वडाप जीपमध्ये माणसं कोंबली की सगळ्यांना एकाच अंगावर बसावं लागतं, तसं त्या खड्यात सगळ्यांचा हात खालीच असतो. खडा पाण्यात विरघळला की माणसं जीपमधून उतरली. मग हळूहळू कुणी हात वर घेतो, कुणी खाली ठेवतो. त्याला वेळ लागतो. थंडीत तर जास्तच. तोवर उजवीकडचा जोर कमी कमी होत जातो आणि शेवटी फ्रुक्टोज रस्सी ओढून नेतो.

साहेबांनी मध विरघळवला, गाळला आणि लगेच डोळा लावला. जीप नुकतीच थांबली होती.

त्यांनी असं का केलं, ते फक्त आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. उसाच्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज नेमके त्याच हाताने एकमेकांना बांधलेले असतात. हात हलूच शकत नाही. त्यामुळे उसाच्या रसाचं रीडिंग आत्ता घ्या नाही तर तासाने घ्या, तेच. आणि कारखान्यात तासाने घ्यायला सवड कुणाला आहे? पॅन हाऊसमधून फोन खणखणत असतो. भर, बघ, लिही, फेक. वीस वर्षं हाताला हेच वळण. चीफ केमिस्ट चुकला तो अडाणीपणाने नव्हे, सवयीने.

मी पळतच पॅन हाऊसला गेलो. साहेब पॅनच्या काचेशी उभे, हातात साखरेचे दाणे लावलेली काचपट्टी.

"साहेब, मध डावीकडे गेला."

"काय गेला?"

"रीडिंग. शून्याच्या डावीकडे गेलं. अजून जातंय."

"नळी गळत असेल."

"नळी गळत नाही. प्लेट लावून पाहिली, यंत्रही बरोबर आहे. साहेब, म्युटारोटेशन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता पॅनमध्ये ढकलतात की काय! "सोळंक्या, मला शिकवायला आलास व्हय रं?"

"शिकवत नाही साहेब. या आणि बघा. रिपोर्टवर सही करण्याआधी एकदा बघा एवढंच."

ते काचपट्टी पॅनमनच्या हातात देऊन माझ्याआधी जिना उतरले. पारूबाई दारात उभीच होती. तिला ओलांडून आत गेले, डोळा लावला, चाक फिरवलं. डोळा चोळून परत लावला. मग म्हणाले, "आईशप्पथ."

पुढचं काम त्यांनी स्वतः केलं, मला हात लावू दिला नाही. बरणीतला मध वरपासून तळापर्यंत ढवळून नवा सॅम्पल घेतला. पाण्यात विरघळवला. लगेच डोळा लावला तर उजवीकडे, सकाळसारखाच. मग त्याच पाण्यात अमोनियाचे थोडे थेंब टाकले. अमोनियाने तो हात वर-खाली होण्याचं काम झपाट्याने होतं, वाट बघावी लागत नाही. पुन्हा नळी भरली. डावीकडे. सरळ, ठाम डावीकडे.

"बरं," साहेब म्हणाले, "पण सुभेदार म्हणेल, थोडी साखर तरीपण असेलच. तोंड बंद करायचं तर पुरतं करू."

मग फेहलिंग. फेहलिंग म्हणजे एक निळं द्रावण. ग्लुकोज-फ्रुक्टोज त्याचा निळेपणा घालवून विटकरी गाळ करतात. उसाची साखर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण तीच साखर ॲसिडमध्ये गरम केली की फुटते, तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होतात, आणि मग तीही निळं घालवते. म्हणून एकदा तसंच मोजायचं, एकदा ॲसिडनंतर. फरक येईल तेवढी उसाची साखर. साहेबांनी दोन्ही केलं. फरक नावापुरता आला. चांगल्या मधात निसर्गतः असतो तेवढाच.

साहेबांनी खुर्ची मागे ढकलली. "बोलाव रे त्या सुभेदाराला. आणि किसनला कडी काढून आण, वॉचमनशिवाय."

मी आधी दाराशी गेलो. पारूबाईला मी एवढंच म्हणालो, "सुटला." ती मटकन पायरीवरच बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली.

सुभेदार आला. साहेबांनी त्याला अंधाऱ्या खोलीत नेऊन, ताजा सॅम्पल भरून दोन्ही रीडिंग दाखवली. त्याला किती कळलं देव जाणे. बाहेर येऊन म्हणाला, "पण सकाळी तर तुम्हीच म्हणालात, साखर आहे."

"म्हणालो. चुकलं माझं. घाई केली," साहेब म्हणाले. किसनच्या समोर म्हणाले, पारूबाईच्या समोर म्हणाले, लॅबमधल्या सगळ्यांसमोर म्हणाले. चीफ केमिस्टच्या तोंडून हे शब्द मी नोकरीत परत कधी ऐकले नाहीत.

"मग जमला कसा?" सुभेदार अजून सोडत नव्हता.

"सूर्यफुलाचा आहे. जमणारच. ग्लुकोज जास्त."

पारूबाई उठली. बरणीत बोट घातलं, चांगलं लिंबाएवढं काढलं आणि सुभेदारापुढे धरलं. "घ्या. चाटून बघा आता. सकाळधरनं चोर चोर करायलाव, चव तरी कळू द्या चोराची."

सुभेदार मागे सरकला. "राहू दे, राहू दे."

"घ्या म्हनते ना!"

किसन म्हणाला, "आगं, सोड त्यास्नी." पण तिने सोडलं नाही. शेवटी फौजेतल्या त्या माणसाने गुपचूप तळहात पुढे केला आणि मध चाटला. मिशीला लागला. लॅबमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसलो. किसनसुद्धा. सकाळपासून कुणी हसलं नव्हतं.

"गोड आहे," सुभेदार म्हणाला. मग मिशी पुसत, किसनकडे न बघता, "पेट्या तिथंच राहू दे."

संध्याकाळी एमडी साहेब आले. जगदाळे साहेबांनी बरणी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून मध पातळ करून दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. पोलिसांकडे जायचा विषय संपला. आजींनी किसनकडे निरोप पाठवला की पुढच्या खेपेलाही एक बरणी ठेव. नंतरच्या आठवड्यात साहेबांनी परभणीच्या कॉलेजातून रिसॉर्सिनॉल नावाचं रसायन मागवून आणखी एक टेस्ट केली, फोडलेला पाक घातला आहे का ते बघायची. गरज नव्हती. पण माणूस एकदा चुकला की असा होतो. तीही स्वच्छ निघाली.

पण त्या दिवशी, दोघं घरी जाण्याआधी, साहेबांनी किसन आणि पारूबाईला लॅबमध्ये बसवून चहा पाजला. साखरेचा. बशीत ओतलेला चहा फुंकत किसनने विचारलं, "साहेब, एक इचारू? सोळंके साहेबांनी परत डोळा लावला नसता, तर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तर तू आत गेला असतास. आणि मी आज रात्री निवांत झोपलो असतो. बरोबर काम केलं म्हणून."

किसनने मान हलवली आणि चहा संपवला. पारूबाई म्हणाली, "चला आता, शेळी सोडायची राह्यलीय," आणि दोघं गेली.

नंतर मी बरीच वर्षं त्या यंत्राला डोळा लावला. नवीन पोरांना एकच सांगायचो. चुकीचं रीडिंग लाल अक्षरात येत नाही. ते बरोबर रीडिंगसारखंच दिसतं, तितकंच स्पष्ट. म्हणून नळी धुण्याआधी परत एकदा बघायचं. काही नाही सापडलं तर मिनिट वाया जाईल, जाऊ द्या.